हजेरीची सोय

नांदेडच्या बसस्थानकावर माझ्या मागच्या बाकावर बाप-लेक बसले होते. पोरीचं नाव वकिलीच्या दोन कॉलेजांत लागलं होतं आणि दोघं लातूरच्या गाडीची वाट बघत होते. बापाचा हिशोब बहुतेक घरूनच झालेला होता.

"बाबा, संभाजीनगरचं सरकारी हाय. तिथं नंबर लागावा म्हणून लोक झुरतात."

"झुरू दे. आपल्याला लातूरचं खाजगी बरं."

"तिथं वर्ग रिकामेच असतात म्हणं. तिथं शिकणारी वर्षाराणी सांगत होती."

"त्येच तर बरं हाय, शिवकन्या. नाव लावायचं अन् परीक्षेला तेवढं जायचं. हजेरीचं त्ये बघून घेतात."

"अन् सरकारीत?"

"तिथं रोज जावं लागतंय. मी इचारून आलो."

"मला रोजच जायचंय. कोर्टात उभं राहायचं तर बोलाया शिकावं लागंल न्हाई का?"

"आताच काय कमी बोलून राहिलीस?"

"मस्करी नको, बाबा. वर्गात न्हाई जायचं, तर दिवसभर मी करू काय?"

"किल्लारीच्या पाहुण्यांनी दिवाळीनंतरची तारीख धरलीय. सून शिकलेली पायजे, पण घरात पायजे, म्हणले. म्या हाव म्हणलो."

"कधी?"

"तू सीईटीच्या पेपरला बसलीस, त्याच दिवशी. तुला सोडून तिकडंच गेलतो."

"मग मला पेपरला नेलं कशाला?"

"पोरगी वकिलीचा पेपर द्याया गेलीय म्हणलं, तवा तर त्ये तयार झाले."