सासूबाईंची नाडी

रक्त तपासायला मी बाकावर बसले होते. शेजारी एक सासू आणि तिची सून. समोरच्या खोलीत नर्सिंगची तोंडी परीक्षा चालली होती.

"आई, हात द्या ना. परत मोजते."

"मोज बाई. सकाळपासून मनगट झिजवलंस माझं."

"एकशे अठरा! आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? मघाशी डुलकीसुद्धा काढली मी."

"मग असं कसं? दोनदा नापास झालेय. आजही नापास झाले तर कॉलेजातून नावच कमी करतील हो!"

"अगं, अंगठा कशाला रोवलास? अंगठ्याने आपलेच ठोके लागतात, असं तूच घोकत होतीस ना? पोळ्या लाटताना महिनाभर ऐकतेय मी."

"अगं बाई! म्हणजे हे माझे होते?"

"तीन बोटं ठेव. आणि आधी श्वास घे."

"हां, आता कशी संथ लागतेय. एकदम शांत."

"पुढची मुलगी, आत ये!"

"आई, तुमचे ठोके एकदम वाढले हो."

"वाढू देत. तू आत जा."