कडी लावण्याआधी हाक मारावी

ड्रायव्हर? नाही हो ताई, ड्रायव्हर इथे तळघरात कशाला येईल, इथे चादरी आणि टॉवेल येतात आणि त्यांच्यामागून आम्ही बायका — असेल बाहेर कुठेतरी, सावलीला. नाही, मी नाही पाहिलं त्याला. पण तुम्ही खाली आलात ते बरंच झालं, तुमच्या शर्टावर हा एवढा डाग पडलाय, चहाचा ना? विमानात सांडला असेल — द्या इकडे, आत दुसरं काही घातलंय ना, मग लाजताय कशाला, इथे आपण बायकाच आहोत. साबण लावते, पिळते, इस्त्री फिरवते. इस्त्री तापलेलीच आहे. तुमचं विमान संध्याकाळचं, हो ना, मग बसा की घटकाभर. वर हॉटेलच्या काउंटरवरच्या काकांनी दुसरी गाडी बोलावलीय म्हणालात ना, मग झालं, ती येईपर्यंत बसा. त्या ट्रॉलीला टेकू नका हं — स्वच्छ चादरी आहेत त्यात, घडी मोडते. इकडे स्टुलावर बसा.

तो आवाज? तो मशीनचा. टॉवेल आणि अभ्रे एकत्र टाकले की ते एका अंगाला कलतं आणि असं धडधडतं, भिंतीला टकरा देतं अगदी. तुम्ही दचकलात. मीही नवीन असताना दचकायचे, वाटायचं आत कुणी माणूसच कोंडलंय. आता सवय झाली. सवयीचं काय, ताई, कसलीही होते.

एकट्याच फिरता? एकट्या म्हणजे अगदी एकट्या — सोबत भाऊ नाही, कुणी नाही? आणि घरचे जाऊ देतात? बाई गं. सकाळी यायचं, अंघोळ करायची, जरा शहर बघायचं आणि संध्याकाळी उडून जायचं. पाखरासारखं. मी इथे लग्न करून आले तेव्हापासून हे तळघर, मागची आमची खोली आणि मधलं अंगण, एवढंच शहर पाहिलंय. तुम्ही सकाळपासून माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. हवा मात्र सोसली नसेल तुम्हाला, सगळ्यांचं तेच म्हणणं, ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं होतं म्हणतात. म्हणून तर इथे उन्हात घातलेला कपडासुद्धा वाळत नाही, त्यासाठी ती मागची खोली आहे — ते लोखंडी दार दिसतंय ना, ते. आत दोऱ्या बांधल्यात, वरून गरम वारा सोडतात, चादरी पापडासारख्या कडक होतात. कडी बाहेरून लावावी लागते, नाहीतर वाऱ्याच्या जोराने दार उघडतं.

ती पाटी? ती मीच रंगवली. 'कडी लावण्याआधी हाक मारावी.' अक्षर बरं आहे ना? सातवीत बाई म्हणायच्या, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे, पुढे शीक. शिकले कुठे! त्या पाटीचं असं झालं, माझ्या आधी एक मावशी होत्या कामाला, त्या आत चादरी काढत होत्या आणि कुणीतरी न बघता कडी लावली. दोऱ्यांवर इतके कपडे असतात की मागचं माणूस दिसत नाही. मशीनच्या आवाजात त्यांचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? उघडलं तेव्हा मावशी दाराशी पडलेल्या, ओठ फुटलेले, नखं — जाऊ दे. वाचल्या, पण परत कामाला नाही आल्या. तेव्हापासून नियम झाला, कडीला हात घालण्याआधी मोठ्याने विचारायचं, आत कोणी आहे का? आता मला इतकी सवय झालीय की घरी संडासाचं दार लावतानाही विचारते. नवरा हसतो.

हसायचा. हसतो.

ड्रायव्हर चांगला आहे म्हणता? हो, सगळे म्हणतात. तुमची बॅग स्वतः उचलली असेल, 'सावकाश, मॅडम, पायरी आहे' म्हणाला असेल. गाडीत पांढरीशुभ्र कव्हरं बघितलीत ना, ती मी धुते, मी इस्त्री करते, आणि एक सुरकुती राहिली तर — तोच माझा नवरा, ताई. आता काय लपवायचं. गोगलगाय आणि पोटात पाय. घरात आला की चपला काढण्याआधी हात उठतो. आई म्हणायची, सांगू नये कुठे, आपलेच दात आपलेच ओठ. हे बघा, हा दात. नाहीये ना? दात माझा होता, ओठही माझाच, मूठ तेवढी त्याची होती. पण मी काही म्हणत नाही, मी मोठी आहे, मला पाठ आहे, पाठीवर झेलते. कुठे लागलं की पुढचे चार दिवस काम बसून करायचं ते मला कळतं. इतर बायका विचारतात, मी म्हणते ट्रॉली लागली. ट्रॉली फार लागते मला, त्यांनी नावच पाडलंय, ट्रॉलीवाली.

पण माझी चिमणी लहान आहे हो.

चिमणी म्हणजे माझी पोर, अजून शाळेतसुद्धा जात नाही. तुम्हाला आणून सोडल्यावर गाडी अंगणात उभी होती, मागचं दार उघडं. मागे कुणाचीतरी लिपस्टिक राहिली होती — तुमची नसेल, नाही, तुम्ही लावत नाही — ती तिला सापडली. बसली आणि त्या पांढऱ्या कव्हरावर घर काढलं. घर, झाड आणि आई. आईला मोठ्ठं तोंड काढलं होतं, हसरं. मी बघितलं, म्हटलं आता हा बघणार. मी कव्हर ओढून काढत होते तोवर तो आलाच. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, ओरडणारा माणूस दमतो. त्याने तिचा हात धरला, ज्या हातात लिपस्टिक होती तोच, आणि पिळला, ताई, आम्ही चादर पिळतो तसा. आवाज झाला. बारीकसा आवाज, ओली काडी मोडावी तसा. पोर रडलीसुद्धा नाही, माझ्याकडे बघत राहिली, तिला वाटलं आई आता काहीतरी करेल.

डाग जातो हो. लिपस्टिकचा डाग निघतो, आधी पावडर घासायची, मग कोमट पाणी. तेच त्याला सांगत होते मी, निघेल, निघेल, कव्हराचा कोपरा धरून सांगत होते, आणि तो गाडीच्या डिकीतून जॅकची दांडी काढत होता. म्हणाला, दुसरा हातही बघू. मग मी तिला उचललं आणि पळाले. कुठे पळणार? शहर कुठे माहितीय मला! पाय आपोआप इकडेच आले.

नाही, ट्रॉलीकडे बघू नका. हो. तिथेच आहे. झोपली नाहीये, तिला सांगितलंय हूं की चूं करायचं नाही. टॉवेलने हात बांधलाय. राहू दे, चादर उचलू नका, उजेडाला घाबरेल — बघितलंत? आता बघितलंत ना. मग बसा.

तो? तो गेला. मागच्या दाराने गेला बाहेर. मी म्हटलं पोर इथे नाही, तर निघून गेला. तेच सांगतेय मी तुम्हाला केव्हाची.

अरे देवा. वीज गेली. इथे जाते अधूनमधून, घाबरू नका, पंखा बंद झाला एवढंच, वरच्या झरोक्यातून उजेड येतोय की. इस्त्री गरमच राहते, कॉलर होईल तेवढ्यात. मशीन — हो. मशीन बंद पडलंय.

ऐकू येतंय ना तुम्हाला.

तो मशीनचा आवाज नाही, ताई. मी काय करू. तो दांडी घेऊन आला, चादरींचे गठ्ठे उपसत होता, एकेक करून, सावकाश, आणि पुढचा हात ट्रॉलीलाच लागणार होता. मी म्हटलं, ती आत आहे, वाळवणीच्या खोलीत, चादरींमागे लपलीय. मीच म्हटलं. तो आत गेला, दोऱ्यांवरच्या चादरी दांडीने फाडत गेला — उद्या त्या चादरी माझ्याच नावावर लागणार — आणि मी दार लोटलं. आणि हात कडीवर गेला, आणि तोंडातून आपोआप निघालं. सवयच ती. मोठ्याने विचारलं मी, नियमाप्रमाणे, आत कोणी आहे का?

तो म्हणाला, "मी आहे."

मग मी कडी लावली.

वारा आधीच चालू होता हं, तो मी नाही लावला. चादरी होत्याच आत. दाराबाहेरचं वाऱ्याचं बटण मधल्या खुणेवर होतं. मधल्या खुणेवर माणूस नुसता घामेजतो, मावशींच्या वेळी शेवटच्या खुणेवर होतं. आता कुठे आहे? आता — तो शिव्या देत होता हो, म्हणाला बाहेर आलो की आधी तिला घेतो, तुझ्यासमोर, मग तुला. त्याला मी ओळखते, तो बोलतो ते करतो, पाहुण्यांना वेळेवर सोडतो तसंच. मग मी बटण फिरवलं. शेवटपर्यंत. माझा हात नव्हताच तो, माझ्या हाताला एवढा जोर नाही.

आता वीज गेलीय, म्हणजे आता वारा नाही. आता त्याला बरं वाटत असेल. दांडी मारतोय, ऐका, बिजागरीवर मारतोय. हळू झालंय ना पण? मघापेक्षा हळू आहे.

आली. वीज आली. बघा, पंखा फिरला, मशीन सुरू झालं. वारापण झाला सुरू, आपोआप होतो, मी काही केलं नाही, मी तर इथे इस्त्रीपाशी उभी आहे, तुम्ही साक्षीला आहात.

कुठे निघालात? जिना तिकडे आहे, ताई. तिकडे नाही. कडीला हात लावू नका. मी सांगतेय, कडीला हात लावायचा नाही! तुम्ही संध्याकाळी ढगात असाल, मी आणि चिमणी इथेच असणार, त्याच्या हाताखाली. पुढे येऊ नका, माझ्या हातात इस्त्री आहे. तुमच्या अंगावर टाकायची नाही मला, तुम्ही भल्या घरच्या दिसता, पण पोर माझी आहे. मागे व्हा. अजून मागे. असं.

हॉर्न वाजतोय, ती तुमचीच गाडी. घ्या शर्ट. कॉलर जरा ओली राहिलीय, अंगावर वाळेल. चिमणीला घेऊन जाल का तुम्ही? दवाखान्यापर्यंत — नाही, नको, नको, ती माझ्याशिवाय राहायची नाही. मी काही म्हटलंच नाही असं समजा. जा तुम्ही. वर जाऊन काकांना काय सांगायचं ते सांगा. ड्रायव्हर सापडला म्हणून सांगा. जा म्हणते ना!

थांबा.

मशीन बंद करते. थांबा जरा, हलू नका. आता मारत नाहीये ना तो? तुम्हाला येतंय ऐकू? मला काही येत नाहीये.

आत कोणी आहे का?

ए. मी विचारतेय. आत कोणी आहे का?

श्श, ताई, तुम्ही बोलू नका. ऐकू द्या मला.