गोषवाऱ्यातले मान्यवर

...आणि म्हणे अडीचशे शब्द! अहो, तुम्हाला सांगतो, अडीचशे शब्दांत आमच्याकडं साधी लग्नपत्रिका बसत नाही! आमची हर्षाली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दोन वर्षं सुरगाण्याच्या जीपला मागं लटकून तिनं एक गोष्ट शोधली... नागलीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, कणगीत निरगुडीचा पाला घातला की कीड किती कमी लागते! आता बंगळुरूच्या परिषदेत हे मांडायचं, तर आधी अडीचशे शब्दांत गोषवारा पाठवा. तो पसंत पडला तरच बोलावणं. झालं! बाईंचं ना जेवणात लक्ष, ना नवऱ्यात, म्हणजे माझ्यात!

लिहिला. मार्गदर्शक वाघचौरे सरांना दाखवला. सर नाकातून, सावकाश, "मॅडम... सुरुवात जरा भारदस्त हवी... भारत हा कृषिप्रधान देश आहे..." गेले शब्द! प्राचार्य म्हणाले, "आणि संस्थेचं नाव? अध्यक्षांची प्रेरणा?" गेले आणखी! त्यात घोटीहून माझ्या आईचा फोन, "योगेश, तुझ्या बापाचं नाव नाय टाकलं तिनं? लय वाईट दिसतं रे ते!" तेही टाकलं! आता सांगा, किडीला जागा उरली कुठं? मी म्हटलं, "अगं, सापडलं काय ते लिही की!" तर सर म्हणे, "छे छे! निष्कर्ष आधीच फोडला तर ऐकायला कोण येईल?" अडीचशे शब्द, आणि त्यात नागली एकदाच!

पाठवला. दुसऱ्याच दिवशी परिषदवाल्यांचं उत्तर... तुम्हाला नेमकं काय सापडलं? संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर नाव वगळतो. हर्षालीचा चेहरा असा पडला, मला खरंच वाईट वाटलं हो. पण मग जी ओढणी खोचून बसली! देश गेला, संस्था गेली, अध्यक्ष गेले, माझे वडीलही गेले... म्हणजे गोषवाऱ्यातून, घाबरू नका, घोटीत ठणठणीत आहेत! प्रश्न काय होता, कसं तपासलं, काय सापडलं, उपयोग कुणाला. बस्स! अडीचशे शब्द लागलेसुद्धा नाहीत!

आणि निवड झाली की! मी पेढे आणले, रस्त्यात नाचायचा तेवढा बाकी होतो. कॉलेजनं लगेच सत्कार ठेवला. शाल, नारळ, गुच्छ. प्राचार्य बोलले, अध्यक्ष बोलले, सर तर हडप्पापासून निघाले ते नाशिकला पोचेचनात! शेवटी हर्षाली माइकपाशी आली, घसा खाकरला, तोच सूत्रसंचालक घड्याळ दाखवत म्हणाला, "मॅडम, वेळेअभावी आपण काय शोधलंत ते राहू द्या... आभार तेवढे माना!"

मानले हो. करता काय!