टिप्याचं पोट आणि माझी वही

तुम्ही हसणार, पण सांगतोच. आमच्या टिप्याचं पोट बिघडलं होतं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "जंत नाहीत, ताप नाही. खाण्याकडे लक्ष द्या." मी फारच लक्ष दिलं. सोमवारी दहीभात, मंगळवारी उकडलेला भोपळा, बुधवारी अंडं, गुरुवारी नाचणीची पेज. सगळं वहीत लिहीत गेलो, आणि इकडे कुत्र्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. हा आपल्याच हातून जाणार, अशी मला धास्ती बसली.

कासुर्डीचे शकूरभाई आमच्याकडे दूध घालतात. त्यांना मी वही वाचून दाखवली.

"मग सर, उद्या काय?"

"चिकन. अंडं त्याला सोसत नसावं, असं वाटतंय. नक्की नाही."

"अवो, म्हशीचा चारा बदलायचा म्हंजी आमी आठ दिस जुन्यात नवा कालवतो. एकदम बदलला तर ती बी पातळ शेण टाकती. तुमी तर रोज ताट बदलताय! पोट बसणार कवा?"

"मग देऊ काय?"

"दहीभात द्या, आन् गप बसा."

पाच दिवस मी वही कपाटात ठेवली. सहाव्या सकाळी शकूरभाईंनी अंगणात स्वतः वाकून पाहिलं.

"बसलं की! सर, तुमी कालेजात काय शिकवत हुता?"

पस्तीस वर्षं मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांवर ओरडत होतो, की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि थांबून बघा.

"मराठी," मी म्हणालो.