पाळण्यातला दुसरा आवाज

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या मंडळाला कायम प्रेमळ धाकात ठेवणाऱ्या आदरणीय अलकनंदाताई, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो त्या गीतकार-गायिका विनयाताई सबनीस, त्यांचे यजमान विश्वासराव, आणि वड्यांच्या वासाने केव्हाच अस्वस्थ झालेल्या माझ्या दिल्लीकर मराठी बंधुभगिनींनो, नमस्कार.

मी हरीश. नोएडात मालिका तयार करणाऱ्या एका कंपनीत गाण्यांच्या परवानग्यांचं काम मी बघतो. केबल आली, चॅनेलं वाढली आणि सगळ्यांना गाणी हवीशी झाली. पण गाणं आवडणं सोपं असतं हो, त्याचे कागद जमवणं कठीण! शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा. टेपवर ज्याचा ज्याचा आवाज आहे, त्या प्रत्येकाची सही लागते. एक राहिली, तरी गाणं डब्यात.

विनयाताई सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून गाणी रचायच्या आणि कॅसेटी घेऊन निर्मात्यांचे उंबरे झिजवायच्या. निर्माते म्हणत, "गाना हमें दे दो, बाकी भूल जाओ." ताईंचं उत्तर ठरलेलं, "गाणं वापरायला देईन, दत्तक देणार नाही." त्यामुळे गाणी तशीच परत यायची. विश्वासराव, आता हसताय, तेव्हा तुमचाही धीर सुटत चालला होता की नाही?

आणि मग आमच्या एका मालिकेला पाळणागीत हवं झालं. स्टुडिओ परवडेना. विश्वासरावांना विमानतळाजवळच्या द्वारकेतल्या फ्लॅटचा ताबा नुकताच मिळाला होता. आख्खी इमारत रिकामी, शेजारी म्हणून कुणी नाही. तिथे दुपारी, दोन विमानांच्या मधल्या शांततेत ध्वनिमुद्रण करायचं ठरलं. ताल कशाचा? तर पाळण्याच्या कड्यांच्या करकरीचा! ही कल्पना ताईंचीच. मंडळाचा बारशाचा पाळणा आम्ही टेंपोत घालून नेला. विश्वासरावांच्या भगिनी सरलाताई म्हणाल्या, "वहिनी, रिकामा पाळणा हलवू नये." आम्ही शिकलेली माणसं, हसलो. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोरी हातात घेतली आणि गायला लागल्या.

नोएडात टेप ऐकली आणि आमचे ध्वनिमुद्रक दामू यांनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. टेपवर दोन आवाज होते. बारशाला एक बाई पाळण्याखालून बाळ देते, दुसरी ते घेते आणि ओळीला ओळ जोडते ना, अगदी तसंच. ताईंची ओळ संपली की एक मुलगी ती उचलायची. द्वारकेच्या खोलीत ताई, सरलाताई, दामू आणि मी असे चौघंच होतो, माईक एकच होता, आणि मुलगी नव्हती. मंडळी, नोएडातल्या वातानुकूलित खोलीत मला घाम फुटला.

दिग्दर्शकाला मात्र तोच आवाज हवा. आम्ही खर्च सोसून स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रण केलं, ते त्याने एका मिनिटात नाकारलं. चॅनेलच्या वकीलबाईंचा फोन आला, "बच्ची बहुत प्यारा गाती है, यार. पर उसका साइन कहाँ है?" सही नसेल तर गाणं रद्द. इतक्या वर्षांनी ताईंचं पहिलं गाणं स्वीकारलं गेलं होतं, आणि ते असं जायला निघालं होतं. मी फोन करून त्यांना बोलावलं.

पुढचं ताईंना विचारूनच सांगतो आहे.

त्यांनी डोळे मिटून टेप ऐकली. मग विचारलं, "हरीशभाऊ, ही केवढी वाटते तुम्हाला?"

मी म्हटलं, "असेल आठ-नऊ वर्षांची."

विश्वासराव उठून खिडकीपाशी गेले. ताई म्हणाल्या, "बरोबर आहे. आज असती तर तेवढीच असती." सरोजिनी नगरच्या घरात त्यांना मुलगी झाली होती. ती बारशाच्या आधीच गेली. पाळणा टांगलेला होता, नाव ठेवायचं राहिलं. हे गाणं त्यांनी तिच्यासाठीच रचलं होतं, आणि हे ऐकताना मला रडू आवरलं नाही.

मी म्हटलं, "कुणाच्याही मुलीचं नाव लिहू, काम होऊन जाईल." ताई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं नाव तिच्या आवाजावर घालायचं नाही."

मग तिचं राहिलेलं नाव ठेवायला आम्ही पुन्हा द्वारकेला गेलो. पाळणा तिथेच होता. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. सरलाताई पुढे आल्या. त्या रिकाम्या पाळण्यावर वाकल्या आणि त्यांनी नाव सांगितलं, "कृतिका." ताईंनी दोरी ओढली. मित्रहो, कड्यांचा आवाज बदलला होता. आधी किरकिरत होत्या, आता जड, खालच्या पट्टीत वाजत होत्या. आत वजन असल्यावर वाजतात तशा. दामूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बोटांचे वळ उठले. ताई एकट्याच शांत होत्या, झोके देत होत्या.

कागदावर त्यांनी नाव लिहिलं. गाणारी अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असेल तर सही पालकाने करायची असते. नात्याच्या रकान्यात ताईंनी लिहिलं, "आई". गाणं वाजलं, श्रेयनामावलीत दोघींची नावं आली, आणि हक्क आजही ताईंकडेच आहेत.

आता विश्वासराव निवृत्त झाले आणि ही मंडळी पुण्याला निघाली. काल द्वारकेच्या फ्लॅटवर सामान हलवायला मी गेलो होतो. ट्रक भरला, घर मोकळं झालं. विश्वासराव कुलूप घेऊन उभे, पण ताई दार लावू देईनात. दार सताड उघडं धरून त्या आत बघत म्हणाल्या, "कृतिका, चल गं, निघायचंय आपल्याला." मग ताई जराशा बाजूला सरकल्या, एक लहान माणूस जाईल एवढ्या. आणि मगच म्हणाल्या, "हं, लावा आता कुलूप."

अलकनंदाताईंनी घड्याळाकडे बघितलं, म्हणजे मी थांबायला हवं. मंडळाचे, सरलाताईंचे, दामूंचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. आणि सत्कार समितीला एक विनंती, ताईंच्या शेजारची ती रिकामी खुर्ची मघापासून कुणीतरी सारखी उचलायला येतंय. कृपा करून ती तिथेच राहू द्या.