पोसतीन

हसू नको तर काय करू, योगराजभाऊ? — बसा ना, उभ्यानं रागावू नका, ती चटई ओढा. तर शहरातल्या शाळेत मॅडमनं तुमच्या चंदनला विचारलं, पाच केळी, दोन काढली, राहिली किती? आणि हा म्हणतो, "बाकीची पोसतीन." म्हणून मॅडम म्हणाल्या कच्चा आहे, सोमवारी परत आणा, आणि तुम्ही तडक माझ्या अंगणवाडीत — प्रमिलाबाई, तुम्ही शिकवता तरी काय? बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. पण लेकराला बागेत कोण नेतं? मी नेते का? घड निसवून बाहेर आला की खालच्या फण्या विळ्यानं काढता, आणि त्याला सांगता, या काढल्या का वरची केळी पोसतीन, जाड होतीन. सांगता ना? मग तो तेच बोलला. त्यात मॅडमचीही चूक नाही, त्यांनी आपलं चित्रातलं केळ विचारलं.

हो, मला माहीत होतं. इथंही तसंच म्हणतो तो. चिंचोके द्या, सरकी द्या, वजाबाकी चोख — शेंगदाण्याची तर खाऊन दाखवतो. केळ्याचं नाव काढलं की गडी वाढवतच सुटतो. दुरुस्त का नाही केलं? अहो, गंमत वाटायची. आमची मदतनीस पुष्पाबाई खिचडी ढवळता ढवळता हसायची. आणि एवढी घाई कशाला भाऊ त्या शाळेची? सकाळी ती पिवळी व्हॅन येते अन् एकेक पोर उचलून नेते — मेघा गेली, किरण गेला. आता अजून एक गेलं तर हे केंद्र शेजारच्या गावाला जोडून टाकू, असं सुपरवायझरबाई म्हणून गेल्यात. मग मी कुठं, ही पुष्पाबाई कुठं — तर एका परीनं नापास झाला ते बरंच झ— तसं नाही हो. तसं नाही म्हणायचं मला. असं बघू नका माझ्याकडं.

थांबा. चंदन, इकडं ये रे बाबा. पुष्पाबाई, आजची खाऊची केळी द्या बरं इकडं. हे बघ, ही झाडावर आहेत का? नाही ना? कापली, गाडीत बसली, पिकली, आता तुझ्या ताटात आली. ताटात पोसतील का रे? — हसतोय बघा लबाड. मोज. पाच, शाब्बास. आता दोन पप्पांना दे. दे की, खाऊ दे त्यांना. आता तुझ्या ताटात किती? बोट लावून मोज, कुणाला घाई नाही.

तीन.

ऐकलंत? आणि माझ्या तोंडाकडं बघून नाही म्हणाला, केळ्यांकडं बघून म्हणाला. समजलं त्याला. आता कुणी विचारू दे, कशावरही विचारू दे, चुकायचा नाही — एकदा हाताला कळलं की पोर विसरत नाही, एवढं मला कळतं या कामातलं.

हो. न्या ना सोमवारी. भांग पाडून, चांगला सदरा घालून न्या. घेतील त्याला, बघा तुम्ही.

काही नाही झालं मला. चला, उठा आता, पोरांच्या जेवणाची वेळ झाली — नाही, चंदन कुठं येतो तुमच्यासोबत? सोमवारपर्यंत तो माझ्याकडंच आहे.