उद्याच्या ट्रायलचा पोल

— नाही, नाही, उठू नका वीणाताई, फरीदाबादहून एवढं ट्रॅफिक तुडवत आलात, बसा जरा. इशिताचे उडीचे पोल विमानवाल्यांनी चढवलेच नाहीत, उद्या सिलेक्शन ट्रायल आणि तुमच्या पोरीच्या हातात काही नाही — कळलं मला. माझेही राहिलेत असे. एवढ्या लांब काठ्या कोण घेणार हो? इथे आर. के. पुरममध्ये अजून विचारतात, मॅडम, पर्दे के लिए हैं क्या?

वजन किती तिचं? माझ्याएवढंच ना — मग हा पिवळा चालेल, वजनाप्रमाणेच असतात हे. आणि मी नाही कशी म्हणेन? आम्हा पोलव्हॉल्टवाल्यांत नाही म्हणत नाहीत. एकीचे अडकले की दुसरीने द्यायचे, कितीही चुरस असो. ते भिंतीवरचं ब्राँझ बघताय ना, ते उसन्या पोलवरचं — कझाकिस्तानच्या एका मुलीने दिला होता. ती चौथी आली. माझं इंटरनॅशनल करिअर म्हणून पेपरात छापतात ना, ते एवढंच, बाकी नुसती विमानतळावरची भांडणं. तिला काय वाटलं असेल? — कोण जाणे, मी फोटो काढून घेत होते.

थकलेय हो. सकाळी घोटा जमिनीला टेकवत नाही. आमचा नवरा, सुधन्वा, म्हणतो, पुरे आता, चौतीस झाली, नोकरी आहे, घर आहे. मीही म्हणते, बिल्कुल, ही उद्याची ट्रायल शेवटची — मागच्या वर्षीची पण शेवटचीच होती. टीममध्ये जागा एकच, हे तुम्हाला माहीत असेल. असणारच, म्हणून तर मघापासून खाली बघताय. अठरा वर्षांची पोर, छान उडी मारते, पाहिलीय मी, पाहून आले आणि जेवण गेलं नाही — जाऊ दे. खरं सांगू? सकाळी तुमचा मेसेज वाचला, तिचे पोल आले नाहीत, आणि मला बरं वाटलं. अगदी हलकं वाटलं. म्हटलं, चलो, सुटले. मग लाज वाटली, आणि उठून हा पोल पुसायला घेतला.

न्या. आज संध्याकाळी हात बसू दे तिचा. उद्या मैदानावर आणा — आधी मी उडी मारीन, मग तिने घ्यायचा. गाडीवर मधोमध बांधा, टोकं लोंबू देऊ नका. आणि एक सांगा तिला. उडीच्या आधी ताई, ताई करत माझ्या पाया पडायला येऊ नको म्हणावं. मग मला आशीर्वाद द्यावा लागेल.

निघा आता.